पंच एकदा खेळायला बसले

दात कोरून पोट भरत नाही, असं ज्याने कोणी म्हटलं त्याने पंचांना पाहिलेलं नसावं. पंचांचं पोट उभा जन्म दात कोरूनच भरत आलं होतं. इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, त्यांची कामाची खोली. खिडकीशी लांब बाक. बाकावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, हिरड्यांच्या गुलाबी रंगाची भुकटी आणि ओळीने मांडलेले लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. शहरातले दंतवैद्य माप पाठवायचे, पंच कवळी घडवून परत पाठवायचे. ती ज्याच्या तोंडात बसायची तो माणूस कधी जिन्याखाली उतरायचा नाही. अर्ध्या शहराची तोंडं पंचांना पाठ होती, चेहरा मात्र एकही ओळखीचा नव्हता.

संध्याकाळी हाच बाक पुसला जायचा आणि त्यावर फौज उतरायची. अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे सैनिक. पायदळ, घोडदळ, तोफा, ढोल वाजवणारा एक, आणि तंबूबाहेर उगाच उभा असलेला एक स्वयंपाकी. कवळीचे सुळे रंगवायचा तोच बारीक ब्रश सैनिकांच्या मिश्यांनाही चालायचा. कधीकधी उलटंही झालं असेल. पण तक्रार घेऊन कोणी आलेलं नाही.

वरच्या मजल्यावर भाऊ आणि वहिनी राहायचे. वहिनी जिन्यातूनच आवाज द्यायची, "भावजी, जेवलात का? की फौजेनंच खाल्लं सगळं?"

"ब्रेड खाल्लाय, वहिनी."

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते मी आजवर ऐकूनच होते. डोळ्यांनी बघायला इथे सून म्हणून यावं लागलं."

वहिनीने मनावर घेऊन एकदा त्यांचं लग्न जमवायचाही प्रयत्न केला होता. मुलगी चांगली होती, हसरी होती, स्वतःहून म्हणाली, "मला दाखवा ना तुमचे सैनिक." एवढं म्हणायला नको होतं तिने. पंचांनी दाखवले. मग नियम सांगितले. मग माघार कधी घ्यावी आणि कशी घ्यावी, याचा नियम उदाहरणांसह सांगितला. तो तिला इतका पटला, की तिने तो तिथल्या तिथे अमलात आणला. वहिनी ही गोष्ट आल्यागेल्याला सांगते. पंचही ऐकून हसतात, फक्त इतरांपेक्षा जरा उशिरा हसायला लागतात आणि जरा आधी थांबतात.

आता पंच हे नाव त्यांना का पडलं, ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे.

टेबलावरच्या या लढायांचे नियम छापील पुस्तकात असतात, आणि त्या पुस्तकाच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात. सध्या सातवी चालू आहे. जाडजूड, रंगीत, हातात धरली की मनगट भरून येतं. पंच दुसरी आवृत्ती वापरायचे. पातळ, मळकट, मधोमध दोन टाचण्या मारलेली. त्यांच्या मते दुसरीनंतर जे झालं ते सगळं अधःपतन. तिसरीबद्दल विचारलं तर ते एखाद्या वाया गेलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. सातवीचं नाव काढलं तर बोलायचेच नाहीत.

तर त्या जुन्या नियमांत गंमत अशी होती. सेनापतीने मनात आणलं आणि तुकडी हलली, असं तिथे व्हायचं नाही. दोन्ही खेळाडूंनी आपापला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या डब्यात पडायच्या आणि मग एकदमच उघडायच्या. त्यानंतर एक घोडेस्वार निरोप्या तो हुकूम घेऊन टेबलावरून निघायचा. तो पोचेपर्यंत तुकडीने जुन्याच हुकमाप्रमाणे चालत राहायचं. समोर दरी दिसत असली तरी चालत राहायचं. सेनापती वरून बघतोय, कपाळाला हात लावतोय, आणि निरोप्या आपला टेकडीला वळसा घालतोय. पंचांना हे फार आवडायचं. "आयुष्यात असंच असतं," असं ते एकदा बोलून गेले होते. नव्या आवृत्तीने निरोप्याला काढून टाकलं. आता बोट दाखवलं की तुकडी हलते.

जुन्या खेळाला तिसरा माणूस लागायचा, तो पंच. डबा त्याच्याकडे. दोन्ही चिठ्ठ्या तो आधी वाचून ठेवणार, आणि शंका आली तर निकाल तोच देणार. पुस्तकात पानोपानी एकच वाक्य छापलेलं होतं: शंका आल्यास पंच ठरवील. फार वर्षांपूर्वी तीन मित्रांनी हा खेळ सुरू केला तेव्हा दोघे म्हणाले, "तुझं पुस्तक वाचून झालंय ना, मग या वेळी तू पंच हो. पुढच्या वेळी आमच्यातला एक होईल." ती पुढची वेळ काही आली नाही. दोघांपैकी एक बँकेतला होता. तो निवृत्त होऊन लेकीकडे दूरच्या शहरात गेला आणि आता रोज सकाळी फोनवर फुलांचे फोटो पाठवतो. दुसरा या खेळांच्या वार्षिक मेळाव्याचा चिटणीस झाला आणि सातव्या आवृत्तीचा झाला. छातीवर तिचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून फिरायला लागला. पंच मात्र पंचच राहिले. दर वर्षी मेळाव्यात टेबल मांडायचं, लोकांना खेळवायचं, दोन्हींकडच्या चिठ्ठ्या वाचायच्या. इतकी फौज बाळगून असलेल्या या माणसाने स्वतःच्या बाजूने एक सैनिक कधी इंचभर पुढे सरकवला नव्हता. ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नव्हती. फार करून त्यांच्याही नसेल.

त्या वर्षीच्या मेळाव्यात त्यांना टेबल मिळालं ते स्वच्छतागृहाच्या दाराशी. चिटणीस म्हणाला, "वर्दळीची जागा दिलीय बघ तुला." वर्दळ होती खरी. लोक झपाझप यायचे, टेबलाकडे बघायचे, आणि ज्या कामाला आले त्या कामाला आत जायचे. बाहेर येताना हात झटकत यायचे. एकदोन थेंब पंचांच्या तोफखान्यावर पडले.

सभागृह भरून वाहत होतं. प्रत्येक टेबलाभोवती कोंडाळं, फाशांचा खडखडाट, मध्येच कुठून तरी आरोळी. पंचांनी प्लास्टरच्या टेकड्या मांडल्या, काचेच्या पट्टीची नदी अंथरली, मधोमध पूल ठेवला. दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या केल्या. दोन खुर्च्या खेळाडूंसाठी ओढून ठेवल्या आणि तिसरीवर बसले. मग पुलाजवळचा एक सैनिक जरा सरळ केला. मग तो पुन्हा होता तसा केला.

चिटणीस चहाचा कप घेऊन आला. "काय रे, कोणी?"

"येतील."

"हे बघ, मी तुला आपला म्हणून आधी सांगतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खेळ उभा राहिला नाही तर हे टेबल दुसऱ्यांना द्यावं लागेल. तिकडे माणसं खाली बसून खेळतायत. आणि एकदा रिकामं गेलं की पुढच्या वर्षापासून समिती तुझं नावच काढणार. मी किती वर्षं तुझ्यासाठी भांडू?"

"तू भांडतोस?"

"नाही तर काय! म्हणून तर दाराशी का होईना, आहेस."

वर्षातले बाकीचे दिवस पंच मेणाशी आणि प्लास्टरशी बोलत. माणसांशी बोलायचं ते इथेच. तेही "पुढची चिठ्ठी," "निरोप्या सहा बोटं पुढे," एवढंच. पण समोरून कोणी तरी उत्तर द्यायचं. हे टेबल गेलं म्हणजे काय जाईल, ते चिटणीसाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि मग एक बाई आल्या. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, पायांत चांगले जाड तळव्यांचे बूट. स्वच्छतागृहातून बाहेर आल्या आणि थेट टेबलापाशी थांबल्या.

"भाऊ, ही खुर्ची कोणाची आहे?"

"खेळाडूची."

"खेळाडू कुठेय?"

"अजून आलेला नाही."

"मग तो येईपर्यंत बसते. जावई तिकडे लढतोय, लेक त्याला पाणी पाजतेय, आणि मला म्हणाले, आई, तू मजा कर. उभ्यानं कसली मजा?" त्या बसल्या, बुटातून एक टाच मोकळी केली आणि सुस्कारा सोडला. "उभी हयात वॉर्डात उभं राहून काढली. सिस्टर होते मी. आता कुठेही खुर्ची दिसली की आधी बसून घेते, कोणाची ते मागून विचारते."

एवढं बोलून त्या हसल्या, आणि पंच पुढे वाकले. वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला. इतका किंचित, की बघणाऱ्याला वाटावं निसर्गानेच वळवलाय. तो पंचांनी वळवला होता. सरळ दात खोटे दिसतात म्हणून मुद्दाम, तीनदा मेण वितळवून. त्या साच्याशी ते आठवडाभर गप्पा मारत बसले होते. साच्याचं हसू कसं असेल याचा त्यांनी तेव्हा एक अंदाज बांधला होता, आणि अंदाज फार चुकला नव्हता.

हे सांगावं की नाही? बाईमाणसाला पहिल्याच भेटीत, तुमचे दात माझे आहेत, असं कसं सांगणार? पंचांनी विषय टेकड्यांकडे वळवला.

सिस्टरना खेळ पटकन कळला. हुकूम लिहायचा, पाठवायचा आणि पोचेपर्यंत वाट बघायची. "म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांसारखंच," त्या म्हणाल्या. "ते लिहून जायचे, औषध यायचं दुपारी, आणि तोवर पेशंट आपला जुन्याच औषधावर. चला, मी निळे घेते. करडे कोण खेळणार?"

करडे खेळायला कोणीच नव्हतं. पंचांनी सभागृहावरून नजर फिरवली. एक तरणा गडी दाराकडे येत होता. तो आत गेला आणि बाहेर आला तो कानाला फोन लावून. पंचांनी घसा साफ केला.

"मीच खेळतो, हवं तर."

सिस्टरना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. पंचांनीही घेतली. लिहून त्यांनी चिठ्ठी डब्यात टाकली. सिस्टरनी टाकली. आणि एक नवल घडलं: समोरच्या चिठ्ठीत काय आहे ते पंचांना माहीत नव्हतं. आजवर दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी आधीच वाचलेल्या असायच्या. लोक डबा उघडताना का ओरडतात, का उठून उभे राहतात, हे त्यांना कधी नीटसं उमगलं नव्हतं. समोर एक माणूस बसलेलं आहे, त्याच्या मनात काही तरी आहे, आणि ते आपल्याला कळायचंय. छातीत धडधडत होतं. सुखाची अशी धडधड एका अर्थी धोक्याचीच, त्या वयात.

डबा उघडला. सिस्टरचे निळे शिपाई टेकडीवरून उतरायला लागले. पंचांचं घोडदळ दुसऱ्या टेकडीआडून निघालं.

"दिसलं!" सिस्टर म्हणाल्या. "तुमचे घोडे दिसले मला."

"शंका आहे," पंच म्हणाले. ते गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला, हनुवटी टेबलाला टेकवली. टेकडीच्या कडेवरून फक्त एका घोड्याचा कान दिसत होता. "दिसले. निकाल तुमच्या बाजूने."

पुढे पंचांचा निरोप्या नदीपाशी आला. पाणी उथळ की खोल? शंका आली. पंचांनी विचार केला आणि निरोप्याला बुडवला. मग तोफेचा गोळा पोचला की नाही, याची शंका आली. नाही पोचला.

सिस्टर पेन्सिल कानाच्या मागे अडकवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "भाऊ, एक विचारू? जितक्या वेळा शंका आली, तितक्या वेळा तुम्हीच हरलात."

"पंचानं निःपक्षपाती असावं लागतं."

"हा निःपक्षपात नव्हे. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते. इंजेक्शन शेजारच्या कॉटवर द्यायचं, आणि ओरडायचे हे. तुम्ही त्यांचे कोणी लागता का?"

पंच हसले. या वेळी वेळेवर हसले, आणि लवकर थांबलेही नाहीत. स्वच्छतागृहातून येणारे दोघे हात झटकायचे विसरून बघत राहिले. पंचांनी नवा निरोप्या काढला. डाव रंगला. पूल मध्ये मोकळा. अलीकडे निळे, पलीकडे करडं घोडदळ. शेवटी ज्याच्या हाती पूल, तो जिंकला. दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या, हाताचा आडोसा करून, शाळेतल्यासारख्या. चिठ्ठ्या डब्यात पडल्या, आणि डबा उघडायचा तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली आणि चिटणीस समोर उभा राहिला.

"अरे वा!" तो खरोखरच खूश झाला. "सुटलो बाबा. लिहू ना मग? खेळ चालू. दोन खेळाडू आणि पंच."

"दोघेच आहोत," सिस्टर म्हणाल्या. "हे आणि मी."

"चालतंय हो. एक खेळाडू म्हणून माझं नाव टाकतो." तो पंचांकडे वळला. "समितीला एवढंच विचारायचंय, की खेळ आपापल्या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे चाललाय ना. तुझ्या पुस्तकाचं तुझ्याइतकं कोणाला कळतं? तू हो म्हण, की विषय संपला. टेबल तुझं, पुढचं वर्ष तुझं."

पंच हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण समोरच्याने प्रश्न टाकला तो नेमका पंचाला टाकला. खेळाडूला टाकला असता तर कदाचित निभावलं असतं. पंचांची पाठ आपोआप ताठ झाली.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"पंच खेळायला बसला म्हणजे पंच उरला नाही. आणि पंच नाही तर खेळ नाही. दुसऱ्या आवृत्तीत तसा स्पष्ट नियम आहे."

चिटणीसाने कपाळावर हात मारला. "अरे, मी बाहेरून दार उघडतोय, आणि तू आतून कडी घालतोयस!"

"मग तुम्हीच व्हा की पंच," सिस्टर म्हणाल्या. "डबा तर उघडायचाय. बसा इथे."

चिटणीस खुर्चीकडे बघत राहिला. छातीवरचं चित्र त्याने उगाच खाली ओढलं. "झालो असतो हो," तो म्हणाला. "पण ते जुने नियम आता मला आठवतच नाहीत." आणि हे तो खोटं बोलत नव्हता. पंचांना दिसलं, की खरंच काही आठवत नाहीये त्याला. निरोप्याही नाही. टेबल जाणार, हे त्यांनी एव्हाना गिळलं होतं. हे मात्र घशात अडकलं.

थोड्याच वेळात सातवीवाले आले. सभ्य मुलं होती; "सावकाश आवरा, काका," म्हणाली आणि हिरवा कापडी गालिचा काखेत धरून अगदी जवळ उभी राहिली. पंच सैनिकांना एकेक करून कापसात गुंडाळायला लागले. सिस्टरनी नदी उचलली.

"भाऊ, डबा राहिलाय."

"तो आता उघडता येणार नाही. पंचाशिवाय..."

"खेळच नव्हता म्हणालात ना? मग नियम कसला?"

याला दुसऱ्या आवृत्तीत उत्तर नव्हतं. सिस्टरनी झाकण काढलं आणि आधी स्वतःची चिठ्ठी वाचली. "सगळ्यांनी जागेवर बसावे. पाणी प्यावे. जखमींना मागे न्यावे." मग पंचांची. "घोडदळाने पूल घ्यावा." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पूल आणि घोडदळ तेवढे अजून जागेवर होते, आणि निरोप्या घोडदळाच्या शेजारीच. "म्हणजे माझे पाणी पीत बसले असते आणि तुम्ही पूल घेतला असता. अहो, जिंकलात की तुम्ही!"

पंचांनी पुलाच्या तोंडाशी बोट ठेवलं. तिथे तपकिरी रंगाचा एक डाग होता. "शंका आहे. हा चिखल असेल तर घोडे अडकतात."

"चिखल आहे का तो?"

"ते पंचानं ठरवायचं."

"रंगवलाय कोणी?"

"मी."

"चिखल म्हणून?"

"नाही. शोभेला."

"मग चिखल नाही!"

"असं म्हणणारा मी कोण?" पंच म्हणाले.

सिस्टर काही बोलणार तोच लेक आणि जावई आले. जावई हरला होता आणि का हरला ते मोठ्याने सांगत होता. "आई, किती शोधलं तुला! चल, भूक लागलीय." सिस्टरनी टाच बुटात सारली, पेन्सिल पंचांच्या हातात दिली. "येते हं, भाऊ. मजा आली," असं म्हणून हसल्या. पंच त्या हसण्याकडे बघत राहिले तोवर दार लागलंही. नाव विचारायचं राहून गेलं. त्या साच्यावर नुसता एक आकडा होता.

पंच पेटी घेऊन बाहेर पडले. मागे सभागृहात कोणाचा तरी फासा चांगला पडला असावा, आरोळी उठली. बाहेर ऊन होतं. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपाशी ते थांबले, मनात तो डाग घेऊन. ब्रश पुसायला म्हणून तो लागला होता की खरंच शोभेला? वाळल्यावर वर वाळू भुरभुरली होती का? वाळू असेल तर चिखल म्हणावा लागेल.

एक गाडी त्यांच्यासाठी थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "काका, जाताय ना?"

पट्ट्यांवर पहिला हक्क त्यांचाच होता. पंचांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि ड्रायव्हरला खूण केली, तुम्ही जा. ती गाडी गेली. मागची थांबली. तिलाही त्यांनी हात केला.